हँडब्रेक ओढलेलाच का राहतो?

नव्याने गाडी शिकलेल्या माणसाला घरचे दोन दूषणे देतात: विसरभोळा आणि घाबरट. हँडब्रेक ओढलेला ठेवूनच हा गल्लीच्या तोंडापर्यंत जातो, जळका वास आल्यावर याला आठवतं. लेन बदलून अर्धा किलोमीटर झाला तरी इंडिकेटर टकटक करतच असतो. समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत आला की तळहात ओले होतात. शेवटी लायसन्स पाकिटात आणि गाडी लिंबाखाली, अशी गत होते. माझं म्हणणं असं, की ही दूषणं दोन नाहीत, एकच आहे. गाडीतला विसराळूपणा बहुतेक वेळा भीतीच्याच पोटी जन्मतो.

या क्षणी लागणाऱ्या गोष्टी मेंदू ज्या जागेत धरून ठेवतो, तिला कार्यस्मृती म्हणतात. ही जागा फार तोकडी असते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा सातच्या आसपास सांगितली होती. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ती चारवर आणली. चार गोष्टी! क्लच, आरसा, समोरची म्हैस आणि मागचा हॉर्न, झाली जागा फुल्ल. एस.टी.च्या तिघांच्या बाकड्यावर बोचकं घेऊन चौथा येऊन टेकतो, तशी काळजी इथे येऊन बसते. शिवाय ती गप्प बसत नाही. ‘गाडी बंद पडली तर? मागचा काय म्हणेल?’ अशी तिची टकळी चालू असते. मग कुणाला तरी उठावं लागतं, आणि उठणारा सहसा हँडब्रेक असतो.

तोच का? कारण ‘पुढे, योग्य वेळी करायचं काम’ लक्षात ठेवणं हा आठवणीचा एक वेगळाच प्रकार आहे. त्याला बाहेरून खूण लागते. उत्तर आठवायचं तर निदान कुणी प्रश्न तरी विचारतो. हँडब्रेक सोडायची आठवण कुणी करून देत नाही. डॅशबोर्डवर लाल दिवा असतो म्हणा, पण नजर तिथे जायला तर हवी. इंडिकेटरचं तसंच. पूर्ण वळण घेऊन स्टिअरिंग सरळ झालं की कारमधला दांडा आपोआप मागे येतो. नुसती लेन बदलली, तर स्टिअरिंग तेवढं फिरतच नाही, दांडा तिथेच राहतो. टकटक ऐकू येत नाही का? डोळ्यांवर कामाचा फार ताण असला की कानावर पडणारा आवाजही मेंदूकडून निसटतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

गाडी चालवण्याचा मोठा भाग मात्र या तोकड्या जागेत राहतच नाही. हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणावर १९५३ मध्ये अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि नव्या आठवणी घडवणाऱ्या हिपोकॅम्पसचा दोन्ही बाजूंचा बराच भाग काढला गेला. त्यानंतर नवी घटना त्याच्या लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. करून पाहा, हात उलटाच जातो. असं आपण पूर्वी कधी केलं होतं, हे हेन्रीला आठवत नसे. पण त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला आणि तिसऱ्या दिवशी रेघ बरीच सफाईदार झाली. हाताला आठवत होतं, हेन्रीला नाही.

हाफ क्लचचं ज्ञान याच हातापायांच्या आठवणीत मुरतं. मेंदूच्या तळाकडचे बेसल गँग्लिया आणि मागचा अनुमस्तिष्क ते सांभाळतात. ही आठवण एकदा मुरली की तिच्याकडे टक लावून पाहिलेलं तिला खपत नाही. मानसशास्त्रज्ञ सिअन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी कसलेल्या गोल्फपटूंना चेंडू ढकलताना स्वतःच्या हालचालीवर लक्ष ठेवायला सांगितलं, तर त्यांचा नेम बिघडला. नवशिक्यांना उलट त्याने फायदा झाला. घाबरणारा चालक नेमका इथे अडकतो. शिकून झालेलं असतं, पाय बरोबर उठत असतो, पण भीतीपोटी तो पुन्हा नवशिक्यासारखा पायाकडे लक्ष देतो आणि गाडी आचका देऊन बंद पडते.

संभाजीनगरहून वेरूळला जाणारा जुना रस्ता दौलताबादच्या तटबंदीतल्या दिल्ली दरवाजातून जातो. एका वेळी एकच मोठं वाहन जेमतेम निघतं, आणि पुढे खुलताबादचा घाट. इथे नवख्या माणसाला बसवा. दोन्हीकडे दगड, मागे पिकअपवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला. मेंदूतला अमिग्डाला हा भाग धोक्याची वर्दी देतो, अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, छाती धडधडते. मेंदूतल्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या रसायनाचं प्रमाण फार वाढलं की कपाळामागचा विचारी मेंदू ढिला पडतो; येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टन यांनी यावर बरंच काम केलं आहे. कार्यस्मृतीचा कारभार याच भागाकडे असतो. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी बाकडं आणखी आखूड होतं.

नजरेचंही तेच. मानसशास्त्रज्ञ इस्टरब्रुक यांनी १९५९ मध्ये मांडलं, की उत्तेजना वाढली की लक्षाचा पैस आक्रसतो. १९७२ मध्ये मोरांट आणि रॉकवेल यांनी चालकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या, तेव्हा नवशिके गाडीच्या अगदी पुढ्यातच बघताना आढळले. आरशाकडे त्यांची नजर कमी जाई. आता हिशेब करा. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. बॉनेटपुढच्या दहा-पंधरा मीटरवर नजर खिळली असेल, तर जे दिसलं तिथे गाडी सेकंदाच्या आत पोचते. मग कुत्रंही अचानक येतं, खड्डाही अचानक येतो. सगळंच अचानक आलं की भीती वाढते, आणि भीती वाढली की नजर आणखी जवळ येते. बीड बायपासवर ‘हा ट्रक आला कुठून?’ असं ज्याला वाटतं, त्याला तो ट्रक बऱ्याचदा दोनशे मीटरवरूनच दिसू शकला असता.

म्हणून ‘घाबरू नको’ या उपदेशाचा उपयोग शून्य. ‘लांब बघ’ याचा आहे.

गाडी टाळल्याने भीती जात नाही, ती पोसली जाते. आज रिक्षाने गेलो, सुटलो, हा सुटकेचा दिलासाच मेंदूला शिकवतो की टाळणं बरं. भीती उतरते तेव्हाही जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्यावर ‘काही झालं नाही’ अशी नवी आठवण बसते; आणि ही नवी आठवण जागेला चिकटून राहते. मैदानावर महिनाभर चकरा मारलेला माणूस जालना रोडवर पुन्हा थरथरतो तो यामुळे. सराव त्याच रस्त्यावर हवा: आधी सकाळी सहाला, मग दहाला, मग कारखाने सुरू झाल्यावर उसाच्या ट्रॉल्यांमध्ये.

विसरण्यावरचा उपाय विमानवाल्यांनी काढून ठेवलेला आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोईंगचं मॉडेल २९९ हे विमान उड्डाण होताच कोसळलं. वैमानिक नवखा नव्हता. शेपटीकडची नियंत्रणं जमिनीवर जखडून ठेवणारं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. एका अर्थी हँडब्रेकच. त्यानंतर वैमानिकांच्या हाती तपासयादी आली. जपानी रेल्वेचे चालक तर सिग्नलकडे बोट दाखवून त्याचा रंग मोठ्याने म्हणतात. आपणही सीट, आरसा, पट्टा, न्यूट्रल, हँडब्रेक हा क्रम रोज तोच ठेवून तोंडाने म्हणावा. शेजारचे हसतील, हसू द्या.

एक सावधगिरी. सर्दीच्या काही जुन्या पद्धतीच्या गोळ्या मेंदूपर्यंत पोचून गुंगी आणतात. त्या घेऊन स्टिअरिंगवर बसू नये. आणि वर्षानुवर्षं गाडी चालवणारे आजोबा एकाएकी ओळखीच्या रस्त्यावर चुकू लागले, तर ती भीतीची बाब नव्हे, डॉक्टरांची आहे.

राहता राहिला बाजूच्या सीटवरचा माणूस. ‘दमानं घे, गिअर टाक, अगं ब्रेक, ब्रेक!’ यातला प्रत्येक शब्द त्याच चार जागांपैकी एक अडवतो. खरंच बोलायचं असेल, तर त्याने पुढच्या वळणाचं नाव वळण यायच्या बरंच आधी सांगावं आणि मग खिडकीतून बाहेरचा कापूस बघावा.