गोडाऊनमध्ये ऑटोमेशन करायचंय? ऑर्डर देण्याआधी हे वाचा

नागपूरच्या आजूबाजूला वाडी, कापसी, बुटीबोरी, हिंगणा, कुठेही जा, नवीन शेड उभे होऊनच राहिले. २०१७ मध्ये जीएसटी आला, राज्याराज्यात वेगळं गोडाऊन ठेवायची गरज कमी झाली, आणि २०२५ पासून ७०१ किमीचा समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू आहे, त्यामुळे नागपुरात माल वाढला आणि सगळ्यांना डिस्पॅच फास्ट पाहिजे. मग आम्हा ऑटोमेशन बसवणाऱ्यांना फोन येतो, "भाऊ, कन्व्हेअरचा (पेट्या पुढे सरकवणाऱ्या पट्ट्याचा) रेट सांगा." रेट सांगतो, पण आधी तुमचा डेटा बघू द्या.

कारण गाडी बहुतेक वेळा तिथंच अडते. एकच माल टॅलीत "हळद पा. २००", "हळदी पावडर २०० ग्रॅम" आणि "टर्मरिक २००" अशा तीन नावांनी पडलेला असतो, पेटीचं माप अन् वजन कुठंच नसतं. तुमच्या जुन्या माणसाला तिन्ही एकच आहे हे माहीत असतं, मशीनला नसतं. म्हणून एक माल एक कोड, प्रत्येक पेटीची लांबी रुंदी उंची वजन, आणि बारकोड, हे काम मशीनच्या आधी. आणि बारकोडचं एक सांगतो, बिनारिबनचं साधं थर्मल लेबल उन्हाने उष्णतेने खराब होतं, स्कॅन होत नाही, माल महिनोन्महिने पडून राहणार असेल तर रिबनवालंच, म्हणजे शाईच्या रिबनने छापलेलं लेबल घ्या.

सरासरीवर डिझाईन करू नका. वर्षाची सरासरी रोज ५०० पेट्या असेल अन् दिवाळीआधी १५०० जात असतील तर दोन्ही आकडे आम्हाला लागतात, पूर्ण मशीन दिवाळीसाठी घ्यायचं की तेवढे दिवस जास्तीची माणसं लावायची, हा हिशोब तुमच्यासोबत बसून करू. बऱ्याचदा रोज फिरणारा थोडासाच माल डॉकजवळ, म्हणजे गाडी भरायच्या जागेजवळ आणला तरी माणसांचं चालणं बरंच कमी होतं, त्याला तर मशीनही लागत नाही! असं दिसलं तर आम्ही तसंच सांगतो.

आता शेड. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असते, पत्र्याखाली वरच्या रॅकजवळ त्याहून जास्त, आणि बऱ्याच मशीन ४० डिग्रीपर्यंतच चालतील असं कंपनीच लिहून देते. त्यामुळे शेडचं तापमान उन्हाळ्यात दुपारी, वरच्या रॅकच्या उंचीवर मोजायचं, जानेवारीत मोजून काही कळत नाही. बॅटरीवरच्या मशीनच्या चार्जिंगची जागा हवेशीर पाहिजे. फरशी सपाट आहे का, रॅकचं वजन झेलेल का, लाईट गेली तर सॉफ्टवेअर किती वेळ तग धरेल, हेही आधीच. पॅलेट (पेट्या रचायचा लाकडी पाट) १२०० बाय १००० मिमीचा असला तरी फळी तुटलेली किंवा खिळा बाहेर आलेला असला की रोलरवर अडकणारच, असे पॅलेट बाजूला काढायची सवय आत्तापासून लावा.

तुमचे सुपरवायझर आणि हमाल यांना पहिल्या मीटिंगपासून सोबत घ्या. कोणती पेटी खालून फाटते, कोणती गाडी नेहमी उशिरा लागते, हे त्यांनाच माहीत असतं, आणि नोकरी जाईल की काय ही भीती मनात असेल तर मालकानं स्वतः बोलायला पाहिजे, आमच्या इंजिनिअरनं नाही. सुरुवात मंदीच्या महिन्यात, एका सेक्शनपासून, आणि काही आठवडे जुनी पद्धतही बाजूने चालू ठेवा, दिवाळीच्या तोंडावर स्विच दाबायचा नाही.

पहिल्या भेटीआधी मागच्या १२ महिन्यांचा डिस्पॅचचा एक्सेल, मालाची यादी, शेडचा नकाशा आणि लाईट बिल पाठवून द्या. यादी अर्धवट असली तरी चालेल, ती नीट करायला आमचा माणूस तुमच्या मुनीमासोबत बसेल.