आकडी, उपास आणि तुपाचा हिशेब

आकडीच्या रुग्णाला उपाशी ठेवण्याची कल्पना ग्रीक वैद्यकाइतकी जुनी आहे. आजचा कीटोजेनिक आहार मात्र १९२१ सालचा. उपाशीपोटी शरीर चरबी जाळते आणि रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे पदार्थ, वाढतात. मग पोटभर स्निग्ध खाऊ घालून हीच अवस्था टिकवता येईल का, असा विचार अमेरिकेतल्या मिनेसोटातील एका डॉक्टरने मांडला. १९३८ मध्ये फेनिटॉइन हे आकडीचे औषध आले. गोळी देणे सोपे होते, त्यामुळे तराजूवर मोजलेले जेवण मागे पडले. ते पुन्हा चर्चेत आले १९९० च्या दशकात, तेही एका मुलाच्या वडिलांनी धरलेल्या चिकाटीमुळे.

जुन्या पद्धतीचा एक भाग उगाचच लांबला: आहाराआधीचा उपास. मुलाला रुग्णालयात ठेवून दीड-दोन दिवस उपाशी ठेवायचे, मग आहार सुरू. कीटोन लवकर वाढतात, एवढेच त्याचे समर्थन. पण साखर उतरणे, उलट्या, शरीरातले पाणी कमी होणे हे मुलाच्याच वाट्याला. फिलाडेल्फियात २००५ मध्ये दोन्ही रीती ताडून पाहिल्या. हळूहळू सुरुवात केलेल्या मुलांना तीन महिन्यांनी तेवढाच फायदा दिसला आणि त्रास कमी झाला. तरी ही प्रथा लगेच सुटली नाही. आता उपास ऐच्छिक मानतात. पुण्याच्या घरात तर आणखी एक घोळ: आपल्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस असतो, म्हणजे नेमकी जी टाळायची ती कर्बोदकेच ताटात.

मूळ आहारात प्रथिने व कर्बोदके मिळून एक ग्रॅम, तर स्निग्ध चार ग्रॅम. २००३ पासून सुधारित अ‍ॅटकिन्स पद्धत आली. तिच्यात वजनकाटा नाही, पण कर्बोदके दिवसाला १० ते २० ग्रॅम. एका पोळीतच तो वाटा संपतो. साजूक तूप, पनीर, अंडी यांवर दिवस काढावा लागतो. दिल्लीत औषधांना दाद न देणाऱ्या १०२ मुलांपैकी ५० जणांवर हीच पद्धत वापरली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी आकड्या निम्म्याहून कमी झालेली मुले ५२ टक्के होती. नेहमीचे जेवण घेणाऱ्यांत ११.५ टक्के.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मूळ आहार, अ‍ॅटकिन्स आणि कमी ग्लायसेमिक (रक्तातली साखर हळू वाढवणारा) आहार असे तीन गट होते. अ‍ॅटकिन्स आणि कमी ग्लायसेमिक हे दोन्ही सौम्य आहार मूळ आहाराच्या तोडीचे असल्याचे सिद्ध झाले नाही, पण कमी ग्लायसेमिक आहारात दुष्परिणाम सर्वांत कमी. त्यात रोज ४० ते ६० ग्रॅम कर्बोदके चालतात, म्हणून बेताची मटकीची उसळ बसू शकते. गोळ्या मात्र चालूच राहतात, आणि चरबी जाळण्याचा जन्मजात दोष नाही ना, हे आधी तपासावे लागते. असा दोष असलेल्या मुलांना हा आहार घातक ठरतो.