रेप्लिका आणि एअर पिस्तूल: सीमेवर गोची होते ती नेमकी कुठे

‘नुसती रेप्लिका आहे, कोण अडवतंय?’ आणि ‘एअर पिस्तूल आहे, जूल कमी आहेत, चालून जातं.’ परदेशातून पिस्तूल आणायचा किंवा बरोबर न्यायचा विषय निघाला की ही दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. बहुतेक वेळा दोन्ही एकाच वस्तूबद्दल असतात: बेरेटा किंवा वॉल्थर कंपनीच्या खऱ्या पिस्तुलाची हुबेहूब नक्कल असलेलं, सीओटूवर म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारं, 4.5 मिलिमीटरच्या छऱ्याचं पिस्तूल. जोडीला सल्लेही ठरलेले असतात आणि ते ऐकून लोक खरोखर सामान बांधतात. म्हणून हे एकदा नीट लिहायला हवं.

एअर पिस्तूल म्हणजे काय, ते इथे सांगत बसत नाही. स्प्रिंग, सीओटू किंवा आधी भरून ठेवलेली हवा, आणि त्या दाबाने सुटणारा छर्रा. ताकद नळीच्या तोंडाशी जूल किंवा फूट-पाउंड या ऊर्जेच्या एककांत मोजतात. हा भाग छंद असलेल्या प्रत्येकाला पाठ असतो. घोळ ‘रेप्लिका’ या भागात होतो.

दुकानात रेप्लिका म्हणजे खऱ्या मॉडेलची नक्कल, मग त्यातून छर्रा सुटो वा न सुटो. कायद्यात बऱ्याच ठिकाणी ती वेगळी वर्गवारी आहे: दिसायला बंदूक, पण कायद्याच्या व्याख्येत बंदूक नाही. यातला दुसरा अर्धा भाग लोक वाचतच नाहीत. रेप्लिका ठरायला वस्तू आधी ‘बंदूक नसलेली’ असावी लागते. त्यामुळे सीमेवर असं घडतं की ज्यातून काहीच सुटत नाही ते जप्त होतं आणि ज्यातून शिशाचा छर्रा सुटतो ते जाऊ दिलं जातं. ‘निरुपद्रवी आहे म्हणून सुटेल’ हा समज इथेच कोसळतो.

कॅनडाचं उदाहरण सविस्तर बघू. तिथे एअर गनला परवाना लागण्यासाठी दोन मर्यादा आहेत: वेग सेकंदाला 500 फूट आणि ऊर्जा 5.7 जूल. दोन्ही ओलांडल्या तरच परवाना. एकच ओलांडली तर नाही. लोक या ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ वाचतात, पण ती चूक फार महागात पडत नाही. महागात पडते ती वेगाच्या खालच्या टोकाची. सेकंदाला साधारण 366 फुटांच्या खाली असलेली एअर गन गंभीर इजा करण्याइतकी जोरदार धरली जात नाही, म्हणजे ती बंदुकीच्या व्याख्येतच बसत नाही. अशी वस्तू खऱ्या बंदुकीसारखी हुबेहूब दिसत असेल तर ती रेप्लिका ठरते, आणि रेप्लिका हे तिथे ‘प्रतिबंधित साधन’ आहे. पर्यटक ती आत आणू शकत नाही, रहिवासीही आयात करू शकत नाही.

आता एकाच साच्याची दोन पिस्तुलं शेजारी ठेवा. वजन सारखं, मूठ सारखी, स्लाइडवरची, म्हणजे वरच्या सरकत्या भागावरची अक्षरंही तीच. पहिलं एअरसॉफ्ट: 0.2 ग्रॅमची प्लास्टिकची गोळी 330 फुटांच्या वेगाने, म्हणजे जेमतेम एक जूल. दुसऱ्यातून अर्ध्या ग्रॅमचा धातूचा छर्रा 400 फुटांच्या वेगाने, म्हणजे साडेतीन जूलच्या वर. कॅनडाच्या कस्टम्समध्ये अडकतं ते पहिलं. दुसरं 366 आणि 500 च्या मधल्या पट्ट्यात येतं: गुन्हेगारी कायद्याच्या दृष्टीने ती बंदूक, म्हणून रेप्लिका नाही, पण परवान्यातून सूट. म्हणजे जे जास्त इजा करू शकतं तेच कायदेशीर. ऐकायला उफराटं वाटतं, पण त्यामागचं गणित सरळ आहे. इजा करू शकणारी वस्तू बंदुकीच्या कायद्याच्या कक्षेत आपोआप येते. नुसती धाक दाखवणारी वस्तू त्या कक्षेत येत नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळी बंदी करावी लागते. हा मधला पट्टाही बंद करण्याचा प्रस्ताव सी-21 विधेयकात होता, संसदीय समितीत तो वगळला गेला आणि 2023 मध्ये कायदा झाला तो त्याच्याशिवाय. ज्यांच्याकडे 1 डिसेंबर 1998 रोजी रेप्लिका होत्या त्यांना त्या ठेवता येतात, पण एकदा देशाबाहेर नेल्या की परत आणता येत नाहीत. त्यामुळे ‘माझीच आहे, मीच परत आणतोय’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

ब्रिटनचा तर्क हाच, आकडे वेगळे. 2006 च्या कायद्यानुसार ऑक्टोबर 2007 पासून ‘वास्तववादी नकली बंदुका’ बनवणं, विकणं आणि आयात करणं बंद आहे. चित्रीकरण, संग्रहालय, ऐतिहासिक प्रसंगांची पुनर्निर्मिती, एअरसॉफ्टचा खेळ असे ठरावीक अपवाद आहेत. पण एक जूलच्या वर छर्रा सोडणारं एअर पिस्तूल ही तिथे नक्कल नसून खरी नळीची बंदूक आहे, म्हणून ही बंदी त्याला लागत नाही. त्याची मर्यादा 6 फूट-पाउंड. त्याच्यावर गेलं की मात्र ते थेट प्रतिबंधित शस्त्र, तिथे साधा परवानाही कामाचा नाही. रायफलला ही मर्यादा 12 फूट-पाउंड आहे. रायफलचा आकडा पिस्तुलाला चिकटवणारे लोक दर वेळी भेटतात, आणि त्यांनी हे बिनधास्त सांगत सुटणं मला अजिबात पटत नाही.

शिवाय ‘ब्रिटनमध्ये चालतं’ हे वाक्यच अर्धवट आहे. इंग्लंडमध्ये मर्यादेतल्या एअर पिस्तुलाला परवाना नाही. स्कॉटलंडमध्ये 31 डिसेंबर 2016 पासून एअर वेपनचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, पाहुण्यांसाठी वेगळा परवाना आहे. स्कॉटलंडमधल्या केर्नरायनहून फेरी बोट पकडून उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला उतरलात की तिथे एक जूलच्या वरच्या प्रत्येक एअर गनला बंदुकीचं प्रमाणपत्र लागतं. पासपोर्टवर एकही शिक्का न पडता एकाच पिस्तुलाला तीन कायदे लागतात.

युरोपच्या मुख्य भूमीवर प्रश्न उलट बाजूने येतो. युरोपीय संघाचा बंदुकांचा निर्देश स्फोटक दारूवर चालणाऱ्या शस्त्रांपुरता आहे. एअर गनचं ज्या त्या देशाने ठरवायचं. जर्मनीत 7.5 जूलपर्यंतचं पिस्तूल 18 वर्षांवरच्या कुणालाही विकत घेता येतं, पण त्याच्यावर पंचकोनात ‘एफ’ हे अक्षर कोरलेलं असावं लागतं. हे अक्षर म्हणजेच परवानगी. तेच मॉडेल, तीच ताकद, पण दुसऱ्या देशातल्या बाजारासाठी बनलेलं आणि ‘एफ’ नसलेलं असेल तर जर्मनीत त्याला परवाना लागतो. म्हणून पिस्तूल हातात आलं की आधी जूलचा कागद बाजूला ठेवून शिक्का शोधा. आणि ‘एफ’ असला तरी बंदुकीसारखी दिसणारी वस्तू रस्त्यावर बाळगता येत नाही. न्यायची तर कुलूपबंद पेटीतून.

आता ते ‘एफ’वालं पिस्तूल घेऊन जर्मनीतल्या ग्रोनाऊहून पलीकडे नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेला जा. अंतर काही मिनिटांचं आणि वाटेत कस्टम्सची चौकी नाही. नेदरलँड्समध्ये प्रौढांना एअर गन ठेवता येते, पण ती खऱ्या बंदुकीसारखी हुबेहूब दिसत असेल तर प्रतिबंधित. इथे जास्त ताकद असल्याने कॅनडासारखी सुटका होत नाही, निर्णय दिसण्यावरच होतो. नेमबाजीच्या स्पर्धेत वापरतात ते लांबोळक्या नळीचं, हातात बसवलेल्या लाकडी मुठीचं पिस्तूल कोणत्याच खऱ्या पिस्तुलासारखं दिसत नाही, म्हणून त्याला हा त्रास होत नाही. प्रवासात पिस्तूल लागणारच असेल तर मी कायम तेच निवडीन. नक्कल घरात शोभते, सीमेवर नाही.

बाकीचे देश थोडक्यात. अमेरिकेच्या संघीय कायद्यात एअर गन ही बंदूक नाही, कारण तिथे बंदूक म्हणजे स्फोटाने गोळी सोडणारं शस्त्र. न्यू जर्सीत मात्र ती बंदूक आहे. ऑस्ट्रेलियात एअर पिस्तूल सरळ हँडगनमध्ये मोडतं आणि आयातीची परवानगी आधी घ्यावी लागते. जपानमध्ये एअर गनला परवाना लागतो, आणि धातूचं मॉडेल पिस्तूल पांढरं किंवा पिवळं आणि नळी बुजवलेलं असावं लागतं. भारतात 20 जूल आणि 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही, पण ती सूट बाळगण्याची आहे. आयात हा परकीय व्यापाराच्या नियमांचा विषय आहे आणि तिथे ही वस्तू निर्बंधित आहे. बाळगणं आणि आणणं यांची सरमिसळ इथे सर्रास होते.

‘नळीचं टोक नारिंगी असलं की चालतं’ हा सल्ला तर आता बंद व्हायला हवा. तो अमेरिकेतल्या खेळण्यांचा आणि नकली बंदुकांचा नियम आहे, आणि हवेच्या दाबाने छर्रे सोडणाऱ्या गन त्यातून मुळातच वगळलेल्या आहेत. ब्रिटनमध्ये रंगाने सुटका हवी असेल तर वस्तूचा मुख्य रंगच भडक असावा लागतो, टोकावरच्या पट्ट्याने काही होत नाही. त्याहून वाईट सल्ला म्हणजे पार्सलवर ‘खेळणं’ लिहायचं. एरवी फक्त वस्तू जप्त झाली असती, तिथे आता खोट्या घोषणेचं प्रकरणही उभं राहतं.

विमानात पिस्तूल केबिनमध्ये नेता येत नाही, रेप्लिका असली तरी. सीओटूची 12 ग्रॅमची भरलेली कार्ट्रिज ही वेगळी धोकादायक वस्तू आहे. ती एअरलाइनला विचारल्याशिवाय चेक-इन सामानातही टाकू नका.

विचारायचंच तर जिथे उतरणार त्या देशाच्या कस्टम्सला आधी लेखी विचारा. मॉडेल, वेग, ऊर्जा आणि छऱ्याचं वजन लिहा, दोन्ही बाजूंचे फोटो जोडा आणि दोन प्रश्न सुटे विचारा: तुमच्या कायद्यात ही बंदूक ठरते का, आणि ठरत नसेल तर ही रेप्लिका ठरते का? पहिल्याला ‘नाही’ असं उत्तर आलं म्हणून तिथेच थांबू नका. दुसऱ्याचंही उत्तर लेखी घ्या आणि त्याची छापील प्रत पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा.