जबड्याच्या सांध्याची एकतर्फी वाढ : पार्श्वभूमी

खानदेशात एखाद्याची हनुवटी बाजूला सरकू लागली की घरातली मोठी माणसे आधी लकव्याचे नाव घेतात. लकव्यात चेहऱ्याचे स्नायू दुबळे होतात; या विकारात मात्र कानापुढच्या सांध्यातील खालच्या जबड्याचे डोके, म्हणजे कंडाईल, चेहऱ्याच्या एकाच बाजूला वाढत राहते.

या विकाराचे, म्हणजे कंडायलर हायपरप्लेशियाचे, पहिले वर्णन 1836 चे मानले जाते. पुढे दीर्घकाळ तो एकच आजार समजला गेला. 1986 मध्ये त्याचे दोन मुख्य प्रकार मांडले गेले: एकात जबड्याचा अर्धा भाग उभा वाढतो आणि चेहरा तिरपा होतो, दुसऱ्यात जबडा लांबतो आणि हनुवटी निरोगी बाजूकडे ढकलली जाते. दोन्हींचे मिश्रणही आढळते. मराठीतला घोळ याहून मोठा आहे. पेशींची संख्या वाढणे म्हणजे हायपरप्लेशिया आणि पेशींचा आकार वाढणे म्हणजे हायपरट्रॉफी. आपण मात्र दोन्हींना सर्रास ‘अतिवृद्धी’ म्हणतो. त्यातच नंतरच्या एका वर्गीकरणाने सांध्यावरील गाठींनाही याच नावाखाली घेतले. माझ्या मते ते अनाठायी आहे, कारण गाठ आणि वाढ यांचे उपचार एका मापाने ठरत नाहीत.

वाढीच्या घटकांचा, म्हणजे पेशींना वाढायला लावणाऱ्या प्रथिनांचा, शोध 1950 च्या दशकातला. त्याला नोबेल मिळाले तेही 1986 मध्येच. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या विकारात वृद्धी संप्रेरक आणि त्यामागोमाग आयजीएफ-1 हा वाढीचा घटक रक्तात वाढतो, तेव्हा जबडा दोन्हीकडे वाढतो. म्हणून एकतर्फी वाढीचे कारण सांध्यातच असावे, असा तर्क पुढे आला आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या कूर्चेत हा घटक शोधला गेला. सक्रिय वाढीत तो अधिक आढळल्याचे अभ्यास आहेत. मात्र तो कारण आहे की परिणाम, हे त्यातून सिद्ध होत नाही.

खरा वाद शस्त्रक्रियेच्या वेळेचा आहे. टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य वापरून केलेल्या हाडांच्या स्कॅनमध्ये दोन बाजूंत 10 टक्क्यांहून अधिक फरक दिसला तर वाढ चालू आहे असे सहसा धरतात, पण सांध्याला सूज असली तरीही असा फरक दिसू शकतो. एक पक्ष वाढ थांबेपर्यंत थांबायला सांगतो. दुसरा कंडाईलचा वरचा थर लवकर काढून वाढीचे केंद्रच बंद करतो. सक्रिय वाढ ठरली असेल तर दुसरा पक्ष मला अधिक पटतो, कारण थांबण्याच्या काळात वरचा जबडाही तिरपा होत जातो आणि पुढे दोन्ही जबडे कापून बसवावे लागतात. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या कुटुंबाला तर थांबणे म्हणजे दर काही महिन्यांनी मोठ्या शहराची वारी असते, आणि फोटो व दातांचे साचे यांची जुन्या नोंदींशी तुलना करूनही वाढ चालू आहे की नाही हे ठरवायचे असल्याने एक जरी खेप चुकली तरी निर्णय पुढे ढकलला जातो.