फ्रान्सिस न्यूटन सूझा : एका आवेगी रेषेची पार्श्वभूमी

सूझांच्या चित्रांविषयी बोलताना आवेग, संताप, बंडखोरी हे शब्द इतक्या सहजपणे वापरले जातात, की त्या आवेगाची घडण कुठे झाली हा प्रश्न मागेच पडतो. ही चित्रे निव्वळ आवेगातून आली, या समजाला आधार मिळाला तो १९४५ सालच्या एका प्रसंगाचा. 'छोडो भारत' चळवळीतील सहभागामुळे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढले गेल्यावर हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी तडक घरी गेला आणि ट्यूबमधला रंग थेट फळीवर पिळून, पॅलेट नाइफने, म्हणजे रंगकामाच्या पातळ सुरीने, पसरवत, संतापाच्या भरात त्याने 'द ब्लू लेडी' हे चित्र रंगवले, असे सांगितले जाते. पुढे जर्मन कला-इतिहासकार हर्मन गोट्झ यांनी ते बडोद्याच्या संग्रहालयासाठी घेतले. प्रसंग नाट्यमय आहे खरा, पण रागाने माणूस रंग पिळू शकतो. आकृती उभी करायला हात आधी तयार असावा लागतो, आणि ज्या संस्थेने त्यांना बाहेर काढले तिथल्या रेखांकनाच्या शिस्तीचा त्या तयारीत वाटा होता.

सूझांचा जन्म १९२४ मध्ये गोव्यातील साळगावचा. वडील ते तान्हे असतानाच वारले. त्यातच देवी आल्या. मूल वाचले तर त्याला धर्मगुरू करीन, असा नवस आईने सेंट फ्रान्सिस झेवियर यांना, म्हणजे गोवेकरांच्या 'गोंयच्या सायबा'ला, केला आणि त्याचेच नाव मुलाला मिळाले. धर्मगुरू होणे घडले नाही, चर्च मात्र मनातून गेले नाही. आपल्यावर प्रभाव पडला तो चर्चच्या शिकवणीचा नव्हे, तर तिथल्या भव्य वास्तूचा, विधींच्या थाटाचा आणि रक्तबंबाळ ख्रिस्तमूर्तीचा, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. लंडनच्या टेट संग्रहातील १९५९ च्या 'क्रूसिफिक्शन'मधला काटेरी, काळा ख्रिस्त पाहिला की लहानपणीची ती भीती किती खोल रुजली होती याची कल्पना येते.

१९४७ मध्ये सूझांच्या पुढाकाराने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे हे त्यांचे साथीदार. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेल्या चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर यांच्या सहवासात या तरुणांना युरोपीय आधुनिक चित्रकलेचा, त्यातील तीव्र भावनेला रूप देणाऱ्या अभिव्यक्तिवादाचाही, जवळून परिचय झाला. दुसरीकडे १९४८ मध्ये सूझा आणि हुसेन यांनी दिल्लीतील मोठ्या प्रदर्शनात प्राचीन भारतीय शिल्पे पाहिली. त्यामुळे सूझांच्या नग्नाकृतींची ठाशीव घडण केवळ पिकासो किंवा फ्रेंच चित्रकार रूओ यांच्याकडून आली, असे मानणे अपुरे ठरते. मथुरा आणि खजुराहोची मूर्तिकलाही त्यांच्या डोळ्यांपुढे होती.

१९४९ मध्ये ते लंडनला गेले. पहिली वर्षे हलाखीची होती. १९५५ मध्ये 'एन्काउंटर' मासिकात आलेला त्यांचा आत्मपर लेख आणि व्हिक्टर मस्ग्रेव्ह यांच्या गॅलरी वनमधील प्रदर्शन यांनी चित्र पालटले. पाठोपाठ हॅरोल्ड कोव्हनर या अमेरिकी संग्राहकाने चित्रांच्या बदल्यात नियमित पैसे देण्याची व्यवस्था केली आणि सूझांचा वेग वाढला. जाड काळी बाह्यरेषा, आत तुटक आडव्या-उभ्या रेघांचे जाळे, कपाळावर चढलेले डोळे, ही त्यांची भाषा याच काळात पक्की झाली. झरझर काम होत असे, कारण चेहऱ्याची मोडतोड कुठे करायची हे हाताला माहीत झाले होते.

१९६६ च्या ग्रोव्हनर गॅलरीतील प्रदर्शनात त्यांनी काळ्यावर काळा रंग थापलेली चित्रे मांडली, आणि पुढच्याच वर्षी ते न्यूयॉर्कला गेले. तिथे मासिकांच्या छापील पानांवर रसायन लावून, शाई विरघळवून, त्यावर चित्रे काढण्याची पद्धत त्यांनी दीर्घकाळ वापरली. शाई कशी पसरेल हे पूर्णपणे हातात नसते, म्हणून उत्स्फूर्ततेला इथे खरा वाव होता. तरीही या उदंड निर्मितीत एकसारखा कस नाही. काही पानांत ती रेषा निव्वळ सवयीने चालते, आणि १९५० च्या दशकातील चित्रांशेजारी ठेवली की हा फरक लपत नाही.