न्यूटनची चूक आणि डिकीतला कापूस

"डबा लहान केला तं बास मरते ना मामाजी," भाचा म्हणाला, तेव्हा त्याच्या गाडीची डिकी मी पहिल्यांदा नीट पाहिली. बारा इंची सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, आणि ६० लिटरची प्लायची पेटी. डिकी तिथेच संपलेली. हिंगणघाटला बियाणं आणायला जायचं तर पिशव्या मागच्या सीटवर आणि माणसं घरी. गॅरेजवाल्यापासून लग्नातल्या डीजेवाल्यापर्यंत सगळे हेच सांगतात, मोठा डबा म्हणजे मोठा बास. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं आमच्या वर्धा-यवतमाळकडे शेतात पिकतं.

सबवूफरला डबा लागतो तो आवाज वाढवायला नव्हे, अर्धा आवाज कोंडायला. पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. ४० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी साडेआठ मीटर, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या दोन गाड्यांएवढी. डबा नसेल तर मागची हवा कडेने वळून पुढे येते आणि पुढचा आवाज खाऊन टाकते. म्हणून ती बंद करायची. पण कोंडलेली हवा गप्प बसत नाही. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा आत ढकला, तो उलटा रेटा देतो. ही हवेची स्प्रिंग. डबा जितका लहान तितकी ती ताठ, आणि ताठ स्प्रिंगवर पडदा खालच्या सुरांना मोकळा हलत नाही. भाचा इथवर बरोबर होता.

१९५४ साली अमेरिकेत एडगर विलचर यांनी ही अडचणच कामाला लावली. स्पीकरची कड मुद्दाम ढिली ठेवली आणि पडदा सांभाळायचं काम बंद डब्यातल्या हवेवर सोपवलं. त्यांच्या एआर-१ या लहानशा खोक्यातून तेव्हाच्या कपाटाएवढ्या स्पीकरसारखा खर्ज निघाला.

आता पंपाला पुन्हा हात लावा. तो गरम झालेला असतो, आणि सगळी गंमत त्या उष्णतेत आहे. बारा इंची पडदा १ सेंटिमीटर आत गेला की सुमारे अर्धा लिटर हवा दाबतो. २५ लिटरच्या डब्यात हे २ टक्के झाले. तेवढ्यानेही आतली हवा सव्वादोन-अडीच अंशांनी तापते आणि पडदा बाहेर आला की तितकीच निवते, सेकंदाला ४० वेळा. तापलेली हवा जास्त रेटते, म्हणून दाब २ टक्क्यांनी नाही, २.८ टक्क्यांनी वाढतो. स्प्रिंग १.४ पट ताठ होते ती या उष्णतेपायी.

हाच १.४ न्यूटनच्या हातून सुटला होता. १६८७ साली त्याने ध्वनीचा वेग मांडला तेव्हा दाबलेली हवा तापत नाही असं धरलं. उत्तर सुमारे १५ टक्के कमी आलं. पुढच्या आवृत्तीत त्याने हवेतल्या कणांचं आणि बाष्पाचं कारण देऊन ते जुळवून पाहिलं. खरं कारण फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १८१६ मध्ये दाखवलं. ध्वनीची लहर इतक्या झपाट्याने जाते की उष्णतेला पळायला वेळच मिळत नाही.

मग तिला पळायला जागा दिली तर? २५ लिटर हवेचं वजन जेमतेम ३० ग्रॅम. त्यात ३०० ग्रॅम पिंजलेली रुई भरा. रुई हवेच्या दहापट जड, त्यामुळे हवेची उष्णता पिऊनही ती स्वतः फारशी तापत नाही. वेळेचंही गणित बसतं. ४० हर्ट्झच्या एका हेलकाव्यात उष्णता हवेतून साधारण ०.४ मिलिमीटर सरकते. रुईचा तंतू १५ मायक्रॉन जाडीचा धरला तर तंतू एकमेकांपासून सुमारे ०.१५ मिलिमीटरवर येतात. म्हणजे हवेच्या प्रत्येक कणाला हाताशी तंतू आहे. हवा तापत नाही, १.४ चा १ होऊ लागतो, आणि २५ लिटरचा डबा पडद्याला जास्तीत जास्त ३५ लिटरचा वाटतो. त्या डब्यात ध्वनीचा वेग न्यूटनच्या उत्तराकडे झुकतो. मला हे दरवेळी नव्याने सुंदर वाटतं.

हा लहान डबा आम्ही चाकाच्या फुगवट्यामागच्या कोनाड्यात बसवला. पत्र्यावर मास्किंग टेप, वर फायबरची चटई आणि रेझिनचे थर, पुढे १८ मिलिमीटर एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी. एमडीएफच जाड का? चौरस फुटाच्या फळीवर हा २.८ टक्के दाब सुमारे सत्तावीस किलोचा धक्का देतो, आणि फळी हलली की तेवढा खर्ज गेला. रेझिन उघड्यावरच कालवा, हातमोजे घालून. अशा वेड्यावाकड्या पोकळीचं माप टेपने निघत नाही. आम्ही ती सोयाबीनने भरली आणि लिटरच्या मापाने परत मोजून काढली. २५ लिटर.

पेटीबरोबर "५००० वॅट" असा स्टिकर आला होता. १४ व्होल्टवर त्यासाठी साडेतीनशे अँपिअर लागतील. अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज होता ३० अँपिअरचा, म्हणजे सव्वाचारशे वॅटच्या पुढे तो वितळणार. ही सरळ फसवणूक आहे. विकत घेताना स्टिकर सोडा, फ्यूज वाचा.

शेवटी मोबाईलवरून एकेक सूर वाजवला आणि स्पीकरशी एक रेझिस्टर जोडून मल्टिमीटरवर व्होल्टेज पाहिलं. डब्याच्या स्वतःच्या सुराला व्होल्टेज सर्वात वर चढतं, आणि डबा मोठा वाटला की हा सूर खाली सरकतो. रिकाम्या डब्यात हा सूर ५२ हर्ट्झला सापडला, रुई भरल्यावर ४८ ला. पूर्ण ३५ लिटर धरून हिशेब ४६ सांगतो. मधले दोन हर्ट्झ गेले रुईच्या गाठींत, जिथे हवा तंतूंपर्यंत नीट पोचत नाही. रुई पावसाळ्यात ओल धरते आणि लवकर पेटते, म्हणून आता तिच्या जागी उशीतलं पॉलिएस्टर आहे, हातांनी विंचरून मोकळं केलेलं, स्पीकरमागे पातळ कापड लावून. आता व्होल्टेज ४७ हर्ट्झच्या जवळ सर्वात वर चढतं, आणि डिकीत बियाण्याच्या चार पिशव्या बसतात.