भरती-स्रोतांचे मूल्यमापन

भरती-स्रोतांचे मूल्यमापन : कर्मचारी कोणत्या वाटेने कंपनीत आला आणि रुजू झाल्यावर तो कसा निघाला, किती टिकला, यांची सांगड घालून भरतीच्या वाटांची तुलना करण्याची मनुष्यबळ व्यवस्थापनातील पद्धत. किती अर्ज आले याला तिच्यात फारसे महत्त्व नाही. अर्ज कुठूनही ढिगाने येतात.

पुण्यात या वाटा भागागणिक बदलतात. हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांत १९९७ साली सुरू झालेले नोकरी डॉट कॉमसारखे जॉब पोर्टल, लिंक्डइन, कॅम्पस, उमेदवार शोधून देणाऱ्या कन्सल्टन्सी आणि कर्मचाऱ्यांचे रेफरल, म्हणजे त्यांनी सुचवलेले ओळखीचे उमेदवार, या वाटा चालतात. भोसरी, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत औंधच्या आयटीआयसारख्या संस्था, गेटवरचा ‘पाहिजेत’ फलक, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि लेबर कॉन्ट्रॅक्टर यांचे चलन अधिक. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिक्त जागा सरकारी रोजगार विनिमय केंद्राला कळवणे बंधनकारक केले होते; तिथूनच माणूस घेण्याची सक्ती मात्र केली नव्हती.

मोजणीची साखळी सरळ असते : अर्ज, मुलाखत, ऑफर, जॉइनिंग आणि वर्षानंतर हजर असलेले. आयटीत ऑफर व जॉइनिंग यांमधली गळती मोठी, कारण ९० दिवसांचा नोटीस पिरियड असला की उमेदवार तेवढ्यात हातातली ऑफर दाखवून दुसरी मिळवतो. पोर्टलवरून आलेल्यांत हे घडते तितकेच रेफरलच्या लोकांत घडते का, हा मोजण्याजोगा प्रश्न आहे.

खर्चाचा हिशेबही टिकलेल्या माणसांवर धरावा लागतो. कन्सल्टन्सीचा प्रचलित दर वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार. सहा लाखांच्या जागेला सुमारे पन्नास हजार रुपये. माणूस ठरावीक मुदतीत, बहुधा तीन महिन्यांत, सोडून गेला तर बदली उमेदवार देण्याची अट करारात असते. त्यामुळे टिकण्याचे माप ९० दिवसांवर ठेवले की कन्सल्टन्सी कागदावर चांगली दिसते आणि चौथ्या महिन्यात गेलेला कुणाच्याच खात्यावर पडत नाही.

या पद्धतीचा खरा कच्चा दुवा म्हणजे ‘स्रोत’ हा रकाना. समजा, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्राचा, ऑपरेटर हवा आहे. तिथे काम करणारा लातूरकडचा कामगार गावाकडच्या पोराला फोन करतो, ‘ये, जागा आहे.’ पोरगा गेटवर येतो, वॉचमन फॉर्म देतो, ऑफिसातल्या बाई ‘वॉक-इन’ लिहितात. रेफरल बोनसची पद्धतच नसेल तर ज्याने बोलावले त्याचे नाव कुठेच येत नाही. आयटीत याच्या उलट : एकच सीव्ही पोर्टलवर असतो, दोन कन्सल्टन्सी तोच पाठवतात आणि आतला मित्र बोनससाठी तोच अपलोड करतो. सिस्टिममध्ये जो आधी पोहोचला त्याला श्रेय. म्हणून रुजू झालेल्यालाच ‘जागेबद्दल पहिल्यांदा कुठे कळलं?’ असे विचारून वेगळी नोंद ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

दुसरी अडचण लहान आकड्यांची. रेफरलच्या १० जणांपैकी ८ वर्षभर टिकले आणि पोर्टलच्या ४० पैकी २६, तर ८० विरुद्ध ६५ टक्के असा फरक दिसतो. पण रेफरलमधले आणखी दोघे गेले असते तर ६० टक्केच उरले असते आणि निष्कर्ष फिरला असता. शिवाय कॅम्पसच्या फ्रेशरची तुलना आठ वर्षे अनुभवाच्या माणसाशी करून काहीच हाती लागत नाही. पद, अनुभव, पगार आणि मॅनेजर सारखे धरूनच वाटांची तुलना करावी. कामगिरीचे रेटिंग वापरतानाही ज्या मॅनेजरने स्वतःच्या ओळखीचा माणूस आणला, त्यानेच त्याला गुण दिले असतील तर ते आकडे बाजूला ठेवलेले बरे.

ओळखीतून आलेले जास्त का टिकतात, याची दोन स्पष्टीकरणे अभ्यासक देतात. त्यांना शिफ्ट, ओव्हरटाइम, सुपरवायझरचा स्वभाव आधीच ठाऊक असतो, त्यामुळे अपेक्षाभंग कमी होतो. किंवा या वाटेने येणारी माणसेच मुळात वेगळी असतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७० च्या दशकात दाखवले, की ओळखीने नोकरी मिळाली तरी ती ओळख बहुधा जवळची नसते, अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याची असते. पुण्यात मात्र रेफरल पुष्कळदा एकाच कॉलेजचे, एकाच तालुक्याचे, कधी एकाच जातीचे वर्तुळ फिरवत राहते. टिकण्याच्या टक्केवारीत हे दिसत नाही, म्हणून कोणत्या वाटेने कोण आलेच नाही, तेही काही कंपन्या पाहतात.

चाकणच्या पट्ट्यात तर मोजणीबाहेरच मोठा वर्ग राहतो. कॉन्ट्रॅक्टरच्या हजेरीपटावरचा कामगार त्याच लाइनवर तेच काम करतो, पण कंपनीच्या भरतीच्या तक्त्यात तो नसतो. पुढे त्याला कायम केले, तर स्रोत म्हणून बहुधा ‘अंतर्गत’ असे लिहिले जाते.